ॲडॉप्ट एका दिवसात, ॲडॅप्ट हळूहळू

पत्र

ताई, नमस्कार. मी एका पतसंस्थेत क्लार्क आहे. शिक्षण सगळं मराठी माध्यमातून झालं. तीन वर्षांपूर्वी आम्ही एका मुलीला दत्तक घेतलं. तेव्हा ती तीन वर्षांची होती, आता पहिलीत गेली आहे, इंग्रजी माध्यमात. शाळेच्या फॉर्ममध्ये मुलीबद्दल दोन-चार ओळी लिहायच्या होत्या. मी लिहिलं, ‘वी ॲडॅप्टेड हर थ्री इयर्स अगो. शी हॅज ॲडॉप्टेड टू अवर होम व्हेरी वेल. वी आर हर ॲडॉप्टेड पेरेंट्स.’ दुसऱ्या दिवशी फॉर्म परत आला, तीन शब्दांभोवती लाल वर्तुळं काढलेली. काय चुकलं ते कुणी सांगितलं नाही. शेजारी उभ्या असलेल्या दोघी आयांनी ते वाचलं आणि एकमेकींकडे बघून हसल्या. मुलगी माझं बोट धरून उभी होती. घरी आल्यावर तिने विचारलं, “आई, तू काय चुकलीस?” मला सांगता आलं नाही. डिक्शनरी काढून बसले, तर दोन्ही शब्दांना चार-चार अर्थ. ताई, हे दोन शब्द मला एकदाचे नीट समजावून सांगा. तिच्यासमोर मला परत चुकायचं नाही.

उत्तर

नमस्कार. तुमचं पत्र वाचून शाळेचं ते फाटक माझ्या डोळ्यांसमोर आलं. लेकीचं बोट हातात असताना कुणी असं हसलं की ते जिव्हारी लागतं. मी तेवीस वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, आणि दर वर्षी कुणीतरी हे दोन शब्द उलटेपालटे लिहायचंच. त्यात वर्गातली हुशार मुलंही असायची. तुमची चूक फार मोठ्या घोळक्यातली आहे. तीन वर्तुळं काढणाऱ्या हाताने त्या शेजारी तीन बरोबर शब्दही लिहायला हवे होते, असं मला मनापासून वाटतं. ते काम आता आपण करू.

हे दोन शब्द दिसायला जुळे असले, तरी त्यांचं एकमेकांशी रक्ताचं नातं नाही. एकात ए-डी-ओ-पी-टी, दुसऱ्यात ए-डी-ए-पी-टी. फरक मधल्या एका अक्षराचा, पण घराणी निराळी. ॲडॉप्टचं मूळ लॅटिनमधल्या ‘ऑप्तारे’ या क्रियापदात आहे. त्याचा अर्थ निवडणं, पसंत करणं. त्याच घराण्यातला ‘ऑप्शन’ तुम्ही रोज वापरता. ॲडॅप्टचं मूळ ‘आप्तुस’ या लॅटिन शब्दात आहे. त्याचा अर्थ नीट बसणारा, जोगा. त्या घराण्यातला ‘ॲप्टिट्यूड’ आपल्याकडे स्पर्धा परीक्षेच्या प्रत्येक क्लासच्या पाटीवर लिहिलेला असतो. दोन्ही मुळांना पुढे एकच उपसर्ग चिकटला आणि दोन परक्या घरची मुलं एकसारखे कपडे घालून आपल्यासमोर उभी राहिली. म्हणून लिहिताना शंका आली की या दोन ओळखीच्या शब्दांना हाक मारा. निवड सांगायची असेल तर ऑप्शनमधला ओ, जोगं होणं सांगायचं असेल तर ॲप्टिट्यूडमधला ए.

पण मला विचाराल तर लॅटिनपर्यंत जायचीही गरज नाही. मराठीत तुमच्याजवळ एक सुरेख जोडी आहे: अंगीकारणं आणि अंगवळणी पडणं. दोन्हींत अंगच आहे, तरी त्यांत आपली कधी गल्लत होत नाही. अंगीकारणं म्हणजे ‘हे आता माझं’ असं म्हणून घेणं. ते ठरवून होतं, एका क्षणी होतं. अंगवळणी पडायला मात्र दिवस जावे लागतात. पहिलं ॲडॉप्ट, दुसरं ॲडॅप्टच्या अगदी जवळचं. आणि माणसाबद्दल बोलायचं तर आपल्याकडे ‘रुळणं’ हा फार गोड शब्द आहे. नवी सून सासरी रुळते, बदली झालेला माणूस नव्या ऑफिसात रुळतो. “पोरगी रुळली का गं शाळेत?” असं शेजारच्या काकू विचारतात, तेव्हा त्या ॲडॅप्टबद्दलच विचारत असतात.

अंगीकारण्याचं उदाहरण प्रत्येक मराठी मुलाच्या दप्तरात असतं. पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला छापलेली संविधानाची उद्देशिका काढून बघा. ‘२६ नोव्हेंबर १९४९ रोजी हे संविधान अंगीकृत आणि अधिनियमित करून स्वतःप्रत अर्पण करीत आहोत,’ अशा अर्थाचं शेवटचं वाक्य आहे. तिथल्या ‘अंगीकृत’च्या जागी इंग्रजी प्रतीत ॲडॉप्ट हाच शब्द आहे. गंमत पुढे आहे. ब्रिटिशांच्या काळातले जुने कायदे एका रात्रीत फेकून देता येणार नव्हते, आणि नव्या संविधानात ते जसेच्या तसे बसतही नव्हते. म्हणून १९५० मध्ये राष्ट्रपतींचा एक आदेश निघाला आणि त्या कायद्यांत आवश्यक ते बदल केले गेले. त्या आदेशाचं नाव ‘ॲडॅप्टेशन ऑफ लॉज ऑर्डर’. संविधान ॲडॉप्ट केलं, कायदे ॲडॅप्ट केले. दोन महिन्यांच्या अंतराने दोन्ही क्रियापदं आपल्या देशाच्या कागदपत्रांत उमटली, आणि एकाच्या जागी दुसरं चाललं नसतं.

तुम्ही मराठी माध्यमात शिकलात, म्हणजे हे दोन्ही शब्द खरं तर तुम्ही शाळेतच शिकला आहात, फक्त वेगवेगळ्या तासांना. इतिहासाच्या तासाला ‘दत्तकविधान’ शिकलात: झाशीच्या गंगाधररावांनी घेतलेला दत्तक डलहौसीने नामंजूर केला आणि १८५४ मध्ये संस्थान खालसा झालं. विज्ञानाच्या तासाला ‘अनुकूलन’ शिकलात: वाळवंटात पाणी वाचावं म्हणून निवडुंगाच्या पानांचे काटे झाले. पहिलं ॲडॉप्शन, दुसरं ॲडॅप्टेशन. ज्ञान तुमच्याजवळ आधीपासून होतं, त्यावरची इंग्रजी चिठ्ठी तेवढी कुणी लावून दिली नव्हती.

आता एकाच माणसाच्या आयुष्यात हे दोन्ही शब्द दाखवते. नाशिक जिल्ह्यातलं मालेगावजवळचं कवळाणे गाव. तिथला गोपाळराव हा बारा वर्षांचा शेतकऱ्याघरचा मुलगा बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंनी निवडला. दत्तकविधान झालं २७ मे १८७५ रोजी. त्या दिवशी गोपाळरावाचे सयाजीराव झाले. हे ॲडॉप्ट. त्याला तारीख आहे, साक्षीदार आहेत, कागद आहे. पण त्या दिवशी त्या मुलाला लिहिता-वाचता येत नव्हतं. मग इलियट नावाच्या इंग्रज शिक्षकाच्या हाताखाली अभ्यास सुरू झाला, दिवाण टी. माधवराव यांनी कारभाराचे धडे दिले, नव्या भाषा आल्या, दरबारी रीत आली. राज्याचे पूर्ण अधिकार हाती आले २८ डिसेंबर १८८१ रोजी. मधली साडेसहा वर्षं म्हणजे ॲडॅप्ट. एका दिवसात घेतलेल्या मुलाला रुळायला साडेसहा वर्षं लागली, आणि त्यात कमीपणा काहीच नव्हता.

यावरून एक साधी पारख हाती लागते. वाक्य लिहिण्याआधी स्वतःला विचारा, ‘कधी?’ हा प्रश्न इथे शोभतो की ‘किती दिवस लागले?’ हा? ‘कधी घेतलं?’ हे शोभत असेल तर ॲडॉप्ट. ‘किती दिवसांत जमलं?’ हे शोभत असेल तर ॲडॅप्ट.

दुसरी पारख स्वयंपाकघरातली. समजा, सासूबाईंची गोड्या मसाल्याची आमटी तुम्हाला आवडली आणि तुम्ही अगदी तश्शीच करू लागलात. तुम्ही त्यांची कृती ॲडॉप्ट केलीत. पण लेकीला तिखट सोसत नाही म्हणून मिरची काढलीत, गूळ चिमूटभर वाढवलात, चिंचेच्या जागी आमसूल घातलंत, तर तुम्ही ती ॲडॅप्ट केलीत. ॲडॉप्टमध्ये वस्तू आहे तशी आपली होते. ॲडॅप्टमध्ये काहीतरी बदलतंच, कधी वस्तू, कधी आपण स्वतः. मोबाईलच्या चार्जरचा चौकोनी ठोकळा बघा. भिंतीतून २३० व्होल्ट येतात, मोबाईलला साधारण ५ हवे असतात. तो ठोकळा मध्ये बसून विजेला मोबाईलच्या जोगं करतो, म्हणून त्याचं नाव ॲडॅप्टर. दुकानांत कित्येकदा ‘अडॉप्टर’ ऐकू येतं. तिथे चालून जातं, कारण ठोकळा समोर दिसत असतो. कागदावर चालत नाही.

आता तुमचा फॉर्म.

पहिलं वाक्य, ‘वी ॲडॅप्टेड हर’. याचा इंग्रजीत अर्थ होतो, आम्ही तिच्यात फेरबदल करून तिला आमच्या जोगं केलं. तुम्हाला हे म्हणायचं नव्हतं, हे वाचणाऱ्या कुणालाही कळायला हवं होतं. इथे ‘वी ॲडॉप्टेड हर’ हवं.

दुसरं वाक्य, ‘शी हॅज ॲडॉप्टेड टू अवर होम’. तुम्हाला म्हणायचं होतं की ती घरात छान रुळली. तेव्हा ‘शी हॅज ॲडॅप्टेड टू अवर होम’. इथे ‘टू’ कुठे येतो ते नीट लक्षात ठेवा, कारण मराठी माणसाचा पाय हमखास तिथेच घसरतो. आपण म्हणतो ‘मुलीला दत्तक घेतलं’. त्यातला ‘ला’ ऐकून हात आपोआप ‘टू’ लिहायला जातो. माझ्या वर्गात ‘आय सॉ टू हिम’ लिहिणारी मुलं याच ‘ला’मुळे फसायची. ॲडॉप्टला तो ‘टू’ लागत नाही. जे घेतलं ते थेट पुढे येतं: मूल, नाव, धोरण, पद्धत. ‘टू’ लागतो ॲडॅप्टला, आणि तो मराठीतल्या ‘शी’च्या जागी येतो. घराशी जुळवून घेतलं, हवेशी जुळवून घेतलं, नव्या शाळेशी जुळवून घेतलं. जिथे ‘शी जुळवून’ म्हणता येतं, तिथे ‘ॲडॅप्ट टू’. लेकीसाठी आमटी बदललीत तर ‘फॉर’: ‘आय ॲडॅप्टेड इट फॉर माय डॉटर’. आणि मूळ कुठून आलं ते सांगायचं असेल तर ‘फ्रॉम’. पुलंचं ‘ती फुलराणी’ हे बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’वरून ॲडॅप्ट केलेलं नाटक. लंडनची फुलवाली इथे येऊन अस्सल मराठी मुलगी झाली, तिची बोली बदलली, आजूबाजूची माणसं बदलली. नुसतं भाषांतर असतं तर ॲडॅप्टेड म्हटलं नसतं, ट्रान्सलेटेड म्हटलं असतं.

तिसरं वाक्य, ‘वी आर हर ॲडॉप्टेड पेरेंट्स’. ही चूक वेगळ्या जातीची आहे, आणि चांगलं इंग्रजी येणाऱ्यांच्याही लक्षात येत नाही. ॲडॉप्टेड म्हणजे जिला घेतलं ती. तुमचं वाक्य शब्दशः घेतलं तर तुम्हालाच कुणीतरी दत्तक घेतलं असा अर्थ निघतो. घेणाऱ्यासाठी शब्द आहे ‘ॲडॉप्टिव्ह’. ॲडॉप्टिव्ह पेरेंट्स, ॲडॉप्टिव्ह मदर. मूल ॲडॉप्टेड, आई-वडील ॲडॉप्टिव्ह. मराठीत आपण ‘दत्तक मुलगी’ म्हणतो आणि ‘दत्तक आई-वडील’ही सर्रास म्हणतो, एकच शब्द दोन्हीकडे चालवतो. तीच सवय तुमच्यासोबत इंग्रजीत आली.

तुमच्या कामाच्या ठिकाणचं एक उदाहरण देते, कारण तिथेही कधीतरी हे शब्द लिहावे लागतील. वार्षिक सर्वसाधारण सभेत ताळेबंद आणि नफातोटा पत्रक स्वीकृत होतं. इंग्रजी इतिवृत्तात तिथे ‘ॲडॉप्टेड’ लिहायचं. तिथे चुकून ‘ॲडॅप्टेड’ पडलं, तर सभेने आकडे सोयीनुसार बदलले असा अर्थ होईल, आणि हिशेबाच्या कागदावर हे किती गंभीर आहे ते तुम्ही माझ्याहून जास्त जाणता. उपविधींचंही तेच. आदर्श उपविधी जसेच्या तसे घेतले तर ॲडॉप्ट. त्यांत आपल्या संस्थेपुरता फेरफार केला तर ॲडॅप्ट, आणि मग दुरुस्तीची मंजुरी निबंधकांकडून घ्यावी लागते. आणखी एक बघा. संस्थेने नवं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं: ॲडॉप्टेड. पुरवठादाराने त्यात मराठी पावत्या बसवून दिल्या: ॲडॅप्टेड. काउंटरवरची तुम्ही मंडळी दोन-तीन महिन्यांत त्याला सरावलात: ॲडॅप्टेड टू. एकाच सॉफ्टवेअरची तीन वाक्यं. रात्री एकदा वहीत लिहून बघा, हात बसेल.

उच्चाराबद्दल थोडं. आपण दोन्ही शब्दांत पहिल्या ‘ॲ’वर जोर देतो, म्हणून मागचा भाग गिळला जातो आणि ऐकणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात. इंग्रजीत पहिलं अक्षर अगदी हलकं, जवळजवळ नुसता ‘अ’. सगळा जोर पुढच्या भागावर. अ-डॉप्ट. अ-डॅप्ट. डॉक्टरमधला डॉ, डॅशिंगमधला डॅ. तोंडात फरक बसला की लिहिताना पेन अडखळत नाही, हा माझा वर्गातला अनुभव आहे. नामांची लांबीही वेगळी आहे: ॲडॉप्शन आखूड, ॲडॅप्टेशन एका ‘टे’ने लांब.

आता शब्दांपलीकडचं, पण शब्दांमुळेच सुचलेलं. ‘शी वॉज ॲडॉप्टेड’ आणि ‘शी इज अवर ॲडॉप्टेड डॉटर’ ही दोन्ही वाक्यं व्याकरणाने बरोबर आहेत, तरी मी स्वतः पहिलंच लिहीन. पहिल्या वाक्यात एक घडलेली गोष्ट आहे. दुसऱ्यात ती गोष्ट मुलीच्या नावापुढे कायमची लावलेली आहे. कागदावर जिथे माहिती हवी आहे तिथे क्रियापदाने एकदा सांगा, आणि पुढे सगळीकडे नुसतं ‘डॉटर’ लिहा. त्या क्रियापदात निवडणं आहे, हेही तिला मोठी झाल्यावर कधीतरी सांगा.

दत्तकाचे नियम करणाऱ्यांनाही हे दोन टप्पे माहीत असावेत असं मला वाटतं. आदेशाचा कागद एक असतो, त्यावर एक तारीख असते. पण मूल घरी आल्यापासून दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी पाहणी होते, अहवाल लिहिला जातो. तुमच्याकडेही कुणीतरी येऊन बसलं असेल, चहा घेतला असेल, मूल जेवतं का, झोपतं का, हट्ट करतं का, हे विचारलं असेल. कागद ॲडॉप्शनचा, पाहणी ॲडॅप्टेशनची. तीन वर्षांचं मूल येतं तेव्हा त्याच्याजवळ आधीच्या जागेची झोपायची सवय असते, ओळखीचे आवाज असतात, एखादं आवडतं पातेलंसुद्धा असतं. ते सगळं सोडून तिने तुमच्या घराशी जुळवून घेतलं. आणि तुम्ही? आमटीतली मिरची तुम्हीही काढलीच असेल. ती दचकून उठायची म्हणून कुणीतरी रात्री दिवा चालू ठेवून झोपायला शिकलं असेल. फॉर्ममध्ये तुम्ही फक्त तिच्या जुळवून घेण्याबद्दल लिहिलंत. तुमचंही लिहा. ‘ॲडॅप्ट टू’च्या पुढे घर येतं, हवा येते, तसं माणूसही येतं.

तेव्हा शाळेतून कोरा फॉर्म मागून घ्या. तिसरं वाक्य गाळा, पहिल्यात ते आलेलंच आहे. एवढंच लिहा:

‘वी ॲडॉप्टेड हर थ्री इयर्स अगो. शी हॅज ॲडॅप्टेड टू अवर होम व्हेरी वेल, अँड वी हॅव ॲडॅप्टेड टू हर.’

लिहिताना तिन्ही शब्दांतलं मधलं एकेक अक्षर रिकामं ठेवा. पहिलीतल्या मुलीला ओ आणि ए काढता येतात. “आई, तू काय चुकलीस?” असं तिने विचारलंय ना, तिला शेजारी बसवा, कुठे ओ आणि कुठे ए ते तुम्ही सांगा, आणि त्या तीन रिकाम्या जागा तिच्या हाताने भरून घ्या.